अशक्य जोडी

तेजस्विनीचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि राग काढायला स्वतःखेरीज कुणी हाताशी नव्हतं.

डिंभ्याहून पुण्याला जाणाऱ्या एसटीचा काही नेम नाही, म्हणून ती पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसूनच करायची. सॉफ्टवेअर तपासताना सगळ्या शक्यता कुणालाच तपासता येत नाहीत. म्हणून अर्जातल्या दोन-दोन रकान्यांच्या उत्तरांच्या मोजक्या जोड्या तपासायला निवडून देणारी टूल्स असतात. त्या टूल्सची परीक्षा घ्यायला तेजस्विनी प्रश्नपत्रिका काढायची, म्हणजे बेंचमार्क. खऱ्या अर्जांतले रकाने घ्यायचे आणि कुठली जोडी असूच शकत नाही तेही लिहायचं. त्या जोड्या टूल्स सोडून देत, म्हणजे त्या कधी तपासल्याच जात नसत. तीन वर्षं तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच तिची आत्या चिमाबाई चौथ्यांदा परत आलेला पेन्शनचा अर्ज घेऊन आली. "मशीन म्हणतंय मूळ गाव चुकीचं. आमी खालच्या गावचे, दुसरं काय लिवू?"

खालचं गाव म्हणजे धरणाच्या पाण्यात गेलेलं. अर्जाची ती वेबसाइट तेजस्विनीच्याच कंपनीनं तिच्याच नियमांवर तपासली होती. तिनं फाइल उघडली. सतरावा नियम: मूळ गाव आजच्या यादीत नाही आणि राहता पत्ता आहे, ही जोडी अशक्य. म्हणून वेबसाइट असे अर्ज परत पाठवते हे कुणी तपासलंच नव्हतं. खालच्या गावच्या माणसांत वाढलेल्या पोरीनं यादीवर विश्वास ठेवून आपल्याच आत्याला अशक्य ठरवलं होतं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तिनं नियम काढून परीक्षा पुन्हा घेतली. ही जोडी कंपनीच्या स्वतःच्या टूलला सापडेचना; टूल्सच्या क्रमवारीत ते पहिल्यावरून तिसऱ्यावर आलं. तिचे साहेब, ऋषी सर, फोनवर गोड बोलले. "निकाल जाहीर झालाय. अशी माणसं असून असणार किती? राहू दे तो नियम."

"माझ्या एका घरात पाच आहेत, सर. आणि खोटा निकाल माझ्या नावावर आहे."

जुना बेंचमार्क नेलेल्या सगळ्यांना तिनं दुरुस्त केलेला पाठवला. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. तासाभरात तिचं लॉगिन बंद झालं.

आत्याला एवढंच कळलं की पोरीनं काहीतरी नीट केलं. "मंग आता म्या चालंल का त्या मशीनला?"

जुन्या नियमावर तपासलेली वेबसाइट चुकीसकट तशीच चालू होती, आणि ती बदला म्हणून सांगायला तेजस्विनी आता कंपनीत नव्हती.

"न्हाई, आत्या," ती म्हणाली. "पाचव्यांदाबी परत यील."