आधी पाणी चाखणारी हेमाली

मी एकतीस वर्षं कारखान्यात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. दुसऱ्यांनी उरकलेलं काम उसवून पुन्हा करण्यात त्यातली निम्मी गेली. म्हणून कुणाचं कौतुक करायची मला घाई नसते. हेमालीचं करतो.

हेमाली खाडीकडच्या गावातली. वय चौतीस, आयटीआय झालेली. स्कूटरवर हत्यारांची पिशवी टाकून वसईच्या वाड्यांमधून पंप दुरुस्त करत फिरते. विहिरीवर आली की आधी मोटारीला हात लावत नाही. दगड बांधलेली बाटली दोरीनं आत सोडते. बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर बूच ओढायचं, तिथलं पाणी वर घ्यायचं, चाखायचं, थुंकायचं. लोक हसतात. हसणाऱ्यांनी आयुष्यात एक काम धड केलेलं नसतं.

या मे महिन्यात वटारला माझ्या शेजारच्या नर्मदावहिनींची मोटार जळली. वहिनी सत्तरीच्या. त्यांची मोगऱ्याची दीडशे झाडं. वर्षभर पानांच्या कडा करपत होत्या. मुलगा स्वरूप, अंधेरीला नोकरी करणारा, म्हणाला पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. झाडं आणखी करपली. आणखी वाढवलं. शेवटी मोटार दिवसदिवसभर चालून जळली. आता त्यानं तीन हॉर्सपॉवरच्या जागी पाचची आणून खोक्यासकट ओट्यावर ठेवली होती.

हेमालीनं बाटली सोडली.

"मॅडम, मोटार इथे वर आहे," स्वरूप म्हणाला. "खाली काय शोधताय, मासे?"

तिनं वरचं पाणी चाखलं. मग खाली पाइपाच्या तोंडाजवळचं काढलं, चाखलं, थुंकली. बाटली त्याच्यापुढे धरली.

"घ्या."

"मी कशाला?"

"आईच्या झाडांना वर्षभर पाजताय. तुम्ही एक घोट घ्या."

त्यानं घेतला आणि तोंड वाकडं केलं. वहिनींनी बाटली ओढून जिभेला लावली. "अरे, हे तर मिठागरच!"

"पाइप कुणी वाढवला?" हेमालीनं विचारलं.

गेल्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, तेव्हा कुणी फिटर सहा फूट पाइप जोडून अर्ध्या तासात निघून गेला होता. आमच्याकडच्या विहिरींत गोडं पाणी वर असतं, खारं तळाशी. पाइपाचं तोंड थेट खाऱ्यात गेलं होतं. त्या माणसानं एक थेंब जिभेवर ठेवला नाही. दीडशे झाडं, आणि त्याला एक थेंब जड झाला. माझ्या हाताखाली असता तर दुपारच्या आत घरी पाठवला असता.

"ते असू दे," स्वरूप म्हणाला. "पाचची आणलीच आहे, बसवा. मला तीनच दिवस सुट्टी आहे."

"नाही बसवणार. ती वरचं गोडं भराभर ओढेल, खालचं खारं वर येईल."

"मग दुसरा बोलावतो."

"बोलवा. विहीर बुजवणाऱ्यालाही सांगून ठेवा. एका फेरीत दोन्ही कामं होतील."

स्वरूप लाल झाला. हेमाली वहिनींकडे वळली. "काकी, बारा वर्षांमागे आमच्या शत्रुघ्नमामांच्या विहिरीवर पाचची मीच बसवली. पाण्याचा जोर बघून मामांनी पेढे वाटले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या पाण्याला म्हैस तोंड लावीना. अजून लावत नाही. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

वहिनींनी खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "स्वरूप, ते खोकं उचल. मला ओट्यावर पाय सोडून बसायला जागा नाही."

पाइप वर काढायला दोन तास लागले. दोर मी धरला होता. गंजलेले नट तिनं एकेक करून सोडवले, एकही तोडला नाही. वाढवलेला सहा फूट पाइप काढून टाकला. जुनी मोटार घरी नेली आणि नव्यानं वाइंडिंग करून तिसऱ्या दिवशी आणली. मी झाकण उघडून वाइंडिंग पाहिलं. नाव ठेवायला काही सापडेना. पुन्हा पाहिलं.

"वीस मिनिटं चालवायची, दिवसातून तीनदा," ती म्हणाली. "मध्ये विहीर भरू द्यायची."

"कोण बसणार राखण करत?" स्वरूप म्हणाला.

"चाळीस वर्षं कोण बसलं होतं?" वहिनी म्हणाल्या.

एका पंपवाल्यानं हेमालीला पगारावर बोलावलं होतं. का नाही गेलीस, मी विचारलं. "रोज आठ विहिरी करायच्या म्हणतात, काका. मग चाखू कधी?"

तीन आठवड्यांनी ती कुणी न बोलावता आली. मोगऱ्याला नवी पालवी होती, कडांपर्यंत हिरवी. तिनं बाटली सोडली, पाणी काढलं, तोंडात घेतलं. या वेळी थुंकली नाही. गिळलं. पुन्हा एक घोट घेतला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग तिचं लक्ष रिकाम्या ओट्याकडे गेलं. "खोकं कुठे गेलं?"

"पलीकडच्या आळीत विकलं स्वरूपनं," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "आज बसवणार आहेत."

हेमालीचं हसू गेलं. बाटली पिशवीत कोंबून तिनं स्कूटर पलीकडच्या आळीकडे वळवली. मी पाइप ओढायचा दोर खांद्यावर टाकला आणि मागे बसलो.