सुनीलची सही

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझाच आवाज आता मला ऐकवत नाही.

दरवर्षी लोणावळ्यात एका हॉलमध्ये आम्ही जमतो. लढाई चालू असलेल्या समुद्रात क्षेपणास्त्र लागून एक मालवाहू जहाज बुडालं, त्यातल्या चार खलाशांच्या घरची माणसं. प्रेत एकाचंही मिळालं नाही. चौघांतला एक सुनील, माझा धाकटा भाऊ. इंजिनरूममध्ये ऑइलर होता, यंत्रांना तेलपाणी करणारा. माईक माझ्याकडे येतो आणि मी ओरडतो — सैनिक गेला तर तिरंगा, अन् खलाशी गेला तर साधी विचारपूस नाही? माझ्या भावाला कंपनीनं जबरदस्तीनं नेलं! लोक रडतात. टाळ्यासुद्धा वाजतात. संताप खरा असतो हो माझा — पण कुणावरचा?

जबरदस्ती नव्हती. ज्यांना पुढे यायचं नाही त्यांनी बंदरात उतरा, येणाऱ्यांनी सही द्या, असं कंपनीनं सांगितलं होतं. मला कसं माहीत? सुनीलनं मला फोन केला होता.

त्याआधी एक सांगायला हवं. जहाजावर मला जायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत लाल-हिरवं ओळखता आलं नाही, अन् मी तळेगावच्या कारखान्यात चिकटलो. दोन वर्षांनी सुनील गेला. सुट्टीवर गावी, कार्ल्याला, बायकोकडे, वैशालीकडे आला की अख्खी आळी त्याच्याभोवती. मी हसायचो. आत काय जळायचं — ते माझं मला ठाऊक.

त्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "दादा, म्होरं लढाई हाय. उतरू का? वैशालीला बोलू नको, भिईल ती."

मी काय म्हणालो असेन?

"माझ्या जागी गेलास ना? आन् आता रडतोस व्हय? ये मग, भात लाव."

तो म्हणाला, "बरं, दादा."

चौथ्या दिवशी जहाज बुडालं.

नंतर वैशालीनं विचारलं, "दादा, त्यांचा तुमाला फोन आलता का?" मी म्हणालो, "न्हाई." एवढाच एक शब्द. पुढे कंपनीनं त्याच्या सहीचा कागद दाखवला. वैशाली पेटली — सही खोटी हाय, एवढं मोठं ठरवताना ते घरात कुणाला तरी बोललेच असते! तेव्हापासून ती कोर्टात खेटे घालतेय. अन् मी, हरामखोर, तिच्याबरोबर जातोय.

गेल्या महिन्यात वकिलानं माझं प्रतिज्ञापत्र केलं. ही सही माझ्या भावाची नाही, असं मी शपथेवर लिहून दिलं. त्याचीच आहे. नावाखाली तशी आडवी रेघ ओढायला लहानपणी मीच शिकवलं होतं त्याला.

कचेरीबाहेर आल्यावर वैशाली भर रस्त्यात माझ्या पाया पडली. "दादा, तुमी हाय म्हणून मी उभी हाय," म्हणाली.

मी पाय मागे घेतले नाहीत.