बडी मॅडम आणि कळमेश्वरचं पोर्टल

कुठल्याही कामाची वाट समजावून सांगितली की बडी मॅडम शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "अन् तो माणूस नसला तं?" सही करणारा साहेब नसला तर, चावीवाला नसला तर. नागपूरच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या आमच्या गटाच्या प्रमुख, आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही या वाक्याची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मी नवीन होतो तेव्हा त्यांनी आम्हा चौघांना टेबलाभोवती उभं केलं. "तू कामगार, तू फोरमन, तू डॉक्टर, तू हिशेबवाला," म्हणाल्या, आणि चहाचा रिकामा कप हातोहात फिरवायला लावला. कप म्हणजे कामगाराचा अर्ज. तो कोणाकडून कोणाकडे जायचा हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे वर्कफ्लो इंजिन, आणि कामगाराला मोबाइलवर जे दिसतं ते पोर्टल. ही दोन्ही जोडणं हाच आमचा धंदा. कप अर्ध्यात आला की त्या म्हणत, "डॉक्टर, तुयी बदली झाली. जाय बाहेर." डॉक्टर निघून जायचा आणि फोरमन कप पुढे धरून नुसता उभा.

त्यांचे वडील गिरणी कामगार. त्यांच्या अर्जावर सही मिळवायला लहानपणी त्या वडिलांसोबत खिडक्या-खिडक्या फिरल्या होत्या. "बाबांले कोणी नाही म्हणत नव्हतं," एकदा त्या बोलल्या, "फक्त उद्या या म्हणत. म्हणून मी या कामात आली."

कळमेश्वरच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. बाहेरच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं तर कामगाराला कारखान्याची मंजुरी लागे, आणि ती पोर्टलवरून मिळणार होती. अडचण एकच होती. पोर्टलकडे अधिकाऱ्यांची एक यादी होती आणि इंजिनकडे दुसरी. कोणी बदलून गेला की पोर्टलवर त्याचं खातं बंद व्हायचं, पण इंजिन त्याच्याच नावावर अर्ज पाठवत राहायचं. मॅडमनी हे बैठकीत सांगितलं आणि वेळ मागितला. आमचे मॅनेजर म्हणाले, "उद्घाटनाची तारीख ठरली आहे. ते नंतर करू." मॅडम भांडल्या, आणि मग थकून "ठीक आहे" म्हणाल्या. आमच्यासमोर त्यांनी माघार घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

भट्टीवर काम करणाऱ्या एका माणसाच्या हृदयाची झडप खराब झाली. त्याने अर्ज टाकला. कारखान्याचे डॉक्टर त्याआधीच दुसरीकडे गेले होते. अर्ज त्यांच्या बंद खात्यात जाऊन पडला, आणि माणसाच्या मोबाइलवर हिरव्या अक्षरांत येत राहिलं, 'मंजुरी प्रक्रियेत'. कार्यालयात विचारलं तर तिथलेही पडद्यावर तेच पाहून म्हणत, होऊन राहिलं. वाट पाहता पाहता तो गेला.

कारखान्याने खुलासा मागितला. मॅनेजरांनी मसुदा केला, 'अर्जदाराने पुरेसा पाठपुरावा केला नाही.' मॅडमनी तो वाचून परत सरकवला.

"तो रोज पाहत होता. खोटं त्याले आपण दाखवून राह्यलो होतो."

"मॅडम, तुमच्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही."

"म्हणून काय झालं? काम माहं होतं."

त्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "गाडी काढ गा. पारशिवनीले जायचं आहे." त्या कामगाराचं घर तालुक्याच्या त्या गावाबाहेर होतं. त्या माणसाच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. तिला वाटलं, आम्ही कारखान्याकडून आलो. मॅडमनी ग्लास खाली ठेवला आणि काय झालं होतं ते सगळं सरळ सांगितलं. बाई ऐकत राहिली.

"थे मोबाइलवरचं तुमी बनवलं?"

"हो."

"हिरवं?"

"हो. मीच."

"मी माह्या मालकाले म्हणत होती, चला, साहेबाच्या दारात जाऊन बसू. थे म्हणे, काहून? आपलं काम होऊन राह्यलं, पाह्य ना." तिने ग्लास उचलला. "तुमी आल्या, बरं केलं. आता जा."

 सोमवारी मॅडम आल्या आणि दोन्ही याद्या एक करायला बसल्या. जो वेळ त्यांना नाकारला होता तो आता कोणी नाकारला नाही. काम संपलं. पुढे त्या बाईने कारखान्यावर दावा लावला, तेव्हा मॅडमनी तिच्या बाजूने साक्ष द्यायचं कबूल केलं. मॅनेजरांनी आधी समजावलं, मग राजीनामा मागितला. मॅडमच्या निरोपाला केक नव्हता. आम्ही काहीजण फाटकापर्यंत गेलो. "जेवून घ्या रे," एवढंच त्या म्हणाल्या. नंतर त्यांना या शहरात कोणी काम दिलं नाही. आता त्या घरी शिकवण्या घेतात.

दावा अजून चालू आहे. मागच्या तारखेला मी सुट्टी टाकून गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक होता आणि तो भरलेला. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, पायांना सूज होती. बाकाच्या टोकाला ती बाई. गेल्या तारखांना ती मॅडमशी एक शब्द बोललेली नाही, असं वकील सांगत होते. त्या दिवशीही बोलली नाही. मॅडमकडे न पाहता तिने शेजारी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मॅडम थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग बसल्या.