ताईनं स्टेपनी डाल्यात बसवली तो दिवस

माझी ताई आज सकाळी गेली, अन् मले रडू येऊन नाही राहिलं.

थकलो आहे. बस, एवढंच.

भिलाईत तिले ओळखणारे पुष्कळ. पिकअप चालवणारी बाई म्हणून. टेंट हाऊसचं सामान पोचवायची. खुर्च्या, गाद्या, मोठमोठ्या कढया.

जिजाजी गेले तेव्हा सगळे नातेवाईक म्हणे, त्यायची गाडी विकून टाक.

ताई म्हणे, "विकून घरात बसू काय? शिकून घेते मी."

सेक्टरच्या ग्राऊंडवर मीच शिकवलं तिले.

आज तिची एकच गोष्ट सांगतो. स्टेपनीची.

तिच्या गाडीचं ते जास्तीचं चाक डाल्याच्या, म्हणजे सामान भरायच्या हौद्याच्या खाली, मागच्या बाजूनं, साखळीले टांगलेलं होतं. काढायचं तर रोडवर पाठीवर झोपून गाडीखाली सरकावं लागे.

एकदा लग्नाच्या खुर्च्या घेऊन नंदिनी नगरले चालली होती. भर दुपारी टायर पंक्चर. साखळी गंजून जाम. ताई ओढणी कमरेले बांधून गाडीखाली शिरली.

लोक थांबले.

मदतीले नाही. पाहाले.

कोणीतरी व्हिडिओ बनवला. अन् तो फिरत फिरत मी जिथं ड्युटी करतो त्या स्टील प्लांटच्या शिफ्टच्या ग्रुपवर आला. गाडीखालून बाहेर निघालेले दोन पाय, अन् मागून हसणं. "मैडम, जल्दी करो, उधर फेरे हो जाएँगे!"

खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

पाय मी ओळखले.

घरी आलो तर ताई केस धुऊन दारात बसली होती. पाठ पूर्ण खरचटली होती. ओल्या केसांचं पाणी लागलं की तोंड वाकडं करे.

"कोण होते ते पोट्टे? गाडीचा नंबर सांग मले."

"काय करशील? मारशील?"

"हो."

"अन् मारून झाल्यावर? पुढच्या पंक्चरले मले खालीच जावं लागन ना रे."

मी फोन खिशात टाकला.

"उद्या तुले सुट्टी आहे ना? चल मग वेल्डरकडे."

पॉवर हाऊसकडे एक वेल्डर होता, जिजाजींच्या ओळखीचा. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "दीदी, डाला के अंदर लगाएँगे तो कुर्सी कम आएगी।"

"आने दो कम।"

त्यानं केबिनच्या मागं अँगलची चौकट ठोकली, मधात बोल्ट, अन् चाक उभं कसलं. छान दिसून राहिलं होतं. मी हात झटकले. झालं काम.

ताई रोडवर उभी राहून पाहे. मग म्हणे, "गाडी खुर्च्यायनं भरली असली तर मी तिथपर्यंत पोचू कशी?"

वेल्डरनं माझ्याकडे पाह्यलं. मी वेल्डरकडे.

मग काय, काढा सगळं.

वेल्डर म्हणे, "तो पीछे, ऊपर करके टाँग देता हूँ। जगह भी बचेगी।"

"ऊपर से उतारेगा कौन? तुम आओगे नंदिनी रोड पे?"

तिनं मागचा फाळका खाली पाडला अन् डाव्या कोपऱ्यात हात ठेवला. जिकडून ट्रक जात नाहीत ती बाजू. "यहाँ। नीचे, फर्श पे।"

परत कटिंग, परत वेल्डिंग. ऊन डोक्यावर. चाक वाजू नये म्हणून खाली मशीनच्या जुन्या पट्ट्याचा रबर टाकला. तिची ओढणी ठिणगीनं जळली, तिनं पाह्यलंबी नाही.

मग सुरू झाली तिची प्रॅक्टिस. नट काढ. चाक काठापर्यंत लोटव. खाली सोड. अन् परत वर घे, गुडघा लावून, दात आवळून. पहिल्यांदा चाक तिच्या अंगावरच आलं. मी धावलो.

"हात नको लावू."

परत. परत. परत.

"झालं ना ताई, चल आता."

"तू थकला काय? सावलीत बस. मी करून राहिली ना."

वेल्डरनं शेवटी आमच्यासाठी चहा मागवला. तिचा थंड झाला.

त्यानंतर पंक्चर झाले, कितीतरी झाले. ताईनं उभ्या उभ्या चाक बदललं अन् पुढं गेली. कोणी थांबलं नाही. पाहासारखं काही नव्हतंच.

मग ताईच्या किडन्या गेल्या.

एक दिवस आड डायलिसिस. मी शिफ्ट करून येऊ अन् तिच्याच गाडीत तिले नेऊ. बाजूले बसून मले शिकवे, "क्लच हळू सोड, गाडी आहे, बैल नाही."

असं पूर्ण वर्ष गेलं. मी झोपेतच ड्युटी केली म्हणा.

मागच्या आठवड्यात म्हणे, "आता बंद कर."

"काय बंद कर?"

"हे जाणंयेणं. मी थकली रे. तूबी थकला. सांगत नाही तू, पण मले दिसते."

मी भांडलो. खूप भांडलो. डॉक्टरसाहेबांनी तिले समोर बसवून डायलिसिस थांबवलं तर काय काय होईल ते सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं अन् मान हलवली. "समझ गई, सर।"

घरी आल्यावर पयले पाणी मागितलं. डायलिसिसमध्ये पाणी मोजून प्यावं लागे ना. त्या दिवशी तिनं माठातलं पाणी गिलासावर गिलास पेलं. डोळे मिटून.

"कसं लागते?" मी विचारलं.

"पाण्यासारखं," म्हणे. अन् हसली.

आज सकाळी तिचा हात माझ्या हातात होता. वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी बोलीन. नुसता बसून राहिलो. तिनं एकदा बोटं दाबली, मग नाही दाबली.

फोन करणाऱ्यायनो, माफ करा, उचलणं होऊन नाही राहिलं.

ताई, तुले शेवटचा जयभीम.