मांडीची बाहेरची बाजू

अंधेरीच्या आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या सरांना आम्ही आकृतीसर म्हणत असू. त्यांच्या बोटांना खडूखेरीज कशाचाही स्पर्श सोसत नसे. नितंब आणि मांडी यांच्या संवेदनांचे प्रदेश ते फळ्यावर रंगवीत. नितंबाच्या वरच्या भागाकडे कमरेच्या मणक्यांतून उतरणाऱ्या नसा निळ्या. खालचा भाग आणि मांडीची पाठ सांभाळणारी एकच लांब नस हिरवी. आणि जांघेच्या कोपऱ्यातून चेंगरत बाहेर येऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूला पसरणारी बारीक नस लाल. चित्र इतके देखणे होई की ते पुसताना हात अडखळे. एवढे मी मान्य करते. पुढे मान्य करण्याजोगे फारसे काही नाही.

"माणूस खोटं बोलतो, आकृती बोलत नाही," असे म्हणताना ते डोळे मिटत, जणू स्वतःच्याच आवाजाचा सुगंध घेत. रुग्ण त्यांच्या लेखी 'केस' असे. केस बोलू लागली की ते घड्याळ पाहत. तपासायचे आम्ही विद्यार्थ्यांनी. सही मात्र त्यांचीच चाले.

एका दुपारी सुनंदा आली. ती घाटकोपरच्या एका मॉलच्या दारावर सिक्युरिटीत उभी असे.

"ताई, मांडीला इथं बाहेरून मिरची चोळल्यागत होतं. आणि हात फिरवला तर हातच कळत नाही. बसले की निवतं. पण सुपरवायझर म्हणतो, डॉक्टरची चिठ्ठी आण तर स्टूल देतो, नायतर घरी बस."

सरांनी चार हात लांब उभे राहूनच तिला चालायला लावले. "ताकद शाबूत आहे. नाटक! बाईंना उभं राहायचा कंटाळा आलाय."

"कंटाळून कसं चालेल, सर? दोन पोरी शिकतायत माझ्या."

सरांनी घड्याळ पाहिले.

पडद्याआड मी कापसाचा बोळा तिच्या मांडीवरून अलगद फिरवला. स्पर्श हरवे तिथे पेनाने ठिपका दिला. ठिपके जोडले तेव्हा फळ्यावरचा तो लाल प्रदेश तिच्या सावळ्या कातडीवर जसाच्या तसा उमटला होता. वर, कमरेच्या हाडाशी, पट्ट्याचा ओला, जांभळा वळ.

"पट्टा एवढा का आवळतेस गं?"

"पँट पुरुषाच्या मापाची देतात ना. सैल केला की खाली येते."

"मग शिंप्याकडून कमरेत लहान करून घे."

"कंपनीची आहे. कात्री लावली की हाकलतात."

मी सरांना बोलावले. ते वाकून पाहू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला. आता सही होणार, असे मला वाटले. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला. सुनंदाने चादर ओढून घेतली.

"वा! सीमा काय स्पष्ट आलीय! पुढच्या लेक्चरला दाखवू."

"सर, स्टुलाची चिठ्ठी?"

"अहो, ही नस फक्त संवेदना वाहते. पाय काही लुळा पडत नाही. आणि स्टूल द्यायला मी काय फर्निचरवाला आहे?"

महिन्याभराने सुनंदाचा फोन आला. "ताई, मांडी परत आली बघा! आता साडी घासली तरी कळते."

"आणि स्टूल?"

"नोकरीच गेली ना. चिठ्ठी नव्हती. पट्टा सुटला, म्हणून तर बरं वाटतंय."

मी ते सरांना सांगितले. त्यांनी मानही वळवली नाही.

"बघा," ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं, केसला काही झालेलं नाही."