सातव्या टोपलीचं झाड

सुतळीकाकांचा खेळाडूंवर राग होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. बागेत तो चकत्या फेकायचा खेळ सुरू झाला तेव्हापासूनचा राग. खेळ तसा साधा. प्लास्टिकची चपटी चकती भिरकावायची आणि लांब खांबावर टांगलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. अशा अठरा टोपल्या, आणि मधे सगळी झाडं. चकती झाडावर आदळली की खेळाडू "अरेरे!" म्हणायचे. तेही झाडासाठी नाही हो, हुकलेल्या फेकीसाठी! एकाच जागी शंभरदा चकतीची कड बसली की साल सोलून निघते आणि तिथून कीड आत शिरते, हे त्यांना कोण सांगणार? काका सांगायचे. चांगलं ओरडून सांगायचे.

काका त्या बागेचे माळी. खिशात कायम सुतळीचं बंडल, म्हणून हे नाव. झाडं वाचवायचा उपायही त्यांचाच. खोडाभोवती लाकडी पट्ट्या उभ्या लावायच्या, नायलॉनच्या दोरीनं बांधायच्या, वरून गोणपाट गुंडाळायचं. वर्षातून एकदा, नवी पालवी फुटायच्या आधी, सगळं सोडून दोन बोटं सैल करून पुन्हा बांधायचं. "खोड वाढतं, दोरी वाढत नाही," हे ते प्रत्येक नव्या मजुराला ऐकवायचे. एकदा एकजण एका झाडाची दोरी सोडायला विसरला, तर काकांनी सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली होती.

सातव्या टोपलीचं झाड मात्र बिचारं अगदी वाटेत उभं. कोवळं, भराभर वाढणारं, आणि प्रत्येकाची चुकलेली फेक त्याच्याच नशिबी. तिथं गोणपाट महिनाभरही टिकेना. काकू, म्हणजे काकांची बायको, शिंप्याच्या दुकानात कपडे दुरुस्त करायच्या. एके दुपारी डबा घेऊन आल्या आणि झाडाकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे काय गुंडाळलंय? बोचकं बरं यापेक्षा. सरका तिकडे!"

दुसऱ्या दिवशी त्या जुनी रजई, सोफ्याचं जाड कापड आणि दाभण घेऊन आल्या. काकांनी बांधलेल्या दोरीवरून त्यांनी खोडाला जणू अंगरखाच शिवला, झाडाभोवती फिरत फिरत, बारीक टाक्यांनी. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला आणि खेळाडूंकडे बघून म्हणाल्या, "आता आदळा म्हणावं किती आदळायचं ते!" काका पोट धरधरून हसले.

पाच महिन्यांत होत्याचं नव्हतं झालं. काकूंच्या पोटात दुखायचं, त्या अंगावर काढत राहिल्या, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या पालवीच्या आधी काका चाकू घेऊन निघाले. सगळ्या झाडांच्या दोऱ्या सैल केल्या. सातव्या टोपलीपाशी आले, टाक्यावर चाकू टेकवला, आणि हात पुढे सरकेचना. ते बारीक टाके, ती गाठ. उसवायचं कसं? "पुढच्या वर्षी बघू," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी चाकू मिटला. पुढच्या वर्षीही तेच. मग तर ते तिथं चाकू नेईनासेच झाले. रोज दुपारी त्या कापडाला पाठ टेकून डबा खायचे, दिवसभराचं काय ते काकूंना सांगायचे आणि कामाला लागायचे.

चौथ्या वर्षी झाडाला पालवी उशिरा फुटली, तीही बारीक आणि पिवळी. शेंड्याच्या फांद्या वाळल्या. काकांनी बागेच्या साहेबांकडे खेळाडूंची तक्रार केली, टोपलीपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फैलावर घेतलं. खेळाडूंच्या मंडळाची प्रमुख दातांची डॉक्टर होती. ती पार घाबरून गेली. मंडळींनी टोपली स्वतः उचलून लांब नेऊन लावली. दर रविवारी कॅन भरभरून पाणी आणून झाडाला घालू लागली. काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी साहेबांनी झाडांचा एक जाणकार बोलावला. तो म्हणाला, "वरचं कापड काढल्याशिवाय काय सांगणार?"

"मी काढायला माणूस सांगतो," साहेब म्हणाले.

"नको. मीच काढतो."

काकांनी एकेक टाका कापला. तासभर लागला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. आतली रजई कुजून काळी पडली होती, पट्ट्या खोडात रुतल्या होत्या. दोरी तर दिसतच नव्हती. खोड तिच्या वरून आणि खालून फुगून तिला गिळून बसलं होतं.

"गळा आवळला गेलाय," जाणकार म्हणाला. "आता उपाय नाही."

डॉक्टरबाई पुढे आली. तिचे डोळे भरले होते. "काका, आम्हाला माफ करा. आम्ही आधीच टोपली हलवायला हवी होती."

गप्प राहिले असते तरी चाललं असतं. साहेबांनी दोष खेळाडूंच्याच माथी मारला असता. पण काकांनी तिचा हात धरून खोडावरून फिरवला.

"बघा. तुमचा एक ओरखडा तरी लागतोय का हाताला? तिनं लागूच दिला नाही. हे मी केलं. कुंपणानंच शेत खाल्लं, बाई."

"पण काका, तुम्ही तर सगळ्यांना सांगता, दोरी सैल करायची म्हणून..."

"तिनं शिवलेलं होतं हो," काका म्हणाले. "मला वाटलं, एवढं तरी राहू दे."

साहेबांनी घसा खाकरला. धोक्याचं झाड आहे, सोमवारी पाडून टाकू, असं ते हळूच म्हणाले. काकांनी वर बघितलं.

"साहेब, थोडे दिवस थांबता येईल का? अजून पानं आहेत त्याला."