बटनांवरची अक्षरं गेलेलं मशीन

कर्रर्र… थांबून पुन्हा कर्रर्र. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जिन्यावर माठ भरत होतो. परभणीत एका कापडाच्या दुकानावर, दोन खोल्यांत जाधव सरांनी कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि मी तिथला शिपाई. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, पण पोरं मामा म्हणायची, त्यावर निभलं.

आवाजानं खालच्या दुकानाचे मुंदडा शेठ वर आले. "सर, वर गिरणी टाकली का?"

"प्रिंटर आहे शेठ. मशीन छापतंय."

शेठनी कागद हातात घेतला, चष्मा लावला. कागदावर दोनचा पाढा होता. "एवढ्या दणक्यात बे दुणे चार?" एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जिन्याच्या कोपऱ्यात धूळ साचते तसे साचत जातात. झाडायला वाकलं की दिसतात.

*

क्लासात मशीनं दोन आणि पोरं पुष्कळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास पाळी यायची. चारठाण्याच्या वाघमारे गुरुजींची सुजाता परभणीत मावशीकडं राहून शिकायची. तिनं साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर कीबोर्डची सगळी बटनं पेनानं काढली आणि तेच मांडीवर घेऊन बसायची. पुढं पुढं तर झाकणाकडं न बघता बोटं चालायची.

शनिवारी गावाकडं जाताना एस.टी.तसुद्धा तेच. कंडक्टर बराच वेळ बघत राहिला. "ताई, कधीची पेटी वाजवायलीस, सूर काय येईना."

सुजातानं मान वर केली नाही. "सूर परभणीला ठेवलाय मामा. आठवड्यातून दोनदाच भेटतो."

*

क्लासातला पोरीचा वेळ वाढेना, म्हणून गुरुजींनी ठरवलं की घरीच मशीन घ्यायचं. नवं परवडणार नव्हतं. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलं होतं तेवढंच होतं, आणि तेही एकदाच खर्च होणार. मशीन चुकलं तर शिकणंही गेलं आणि लग्नाचंही गेलं.

गुरुजींचे थोरले भाऊ आबा. नामांतराच्या मोर्चात पुढं चालायचे. घोषणा दिली की पुढच्या चौकात ऐकू जायची. लाठ्या खाल्लेला माणूस. ते गुरुजींना म्हणाले, "पोरीला शिकव म्हणून आमीच म्हणलं. पण पुस्तकानं शिकीव की. लोखंडानं कोण शिकलंय?"

गुरुजी क्लासात येऊन सल्ला विचारू लागले. मुंदडा शेठचा राजू तिथंच होता. "गुरुजी, कलर घ्या. ब्लॅक अँड व्हाइट आता कोण बघतं?"

"बाळा," गुरुजी म्हणाले, "तिला पिक्चर नाही बघायचा."

सरांनी मात्र नीट सांगितलं. स्क्रीन साधी चालेल. जुनं चालेल. पण लिहिलेलं साठवता आलं पाहिजे, आणि प्रत्येक बटन दाबून बघा.

*

हैदराबादला गुरुजी, सुजाता आणि मी असे तिघं गेलो. मला न्यायचं कारण एवढंच की मला दक्खनी बोलता यायची.

दुकानदारानं आधी एक लहान, चकचकीत मशीन काढलं. टीव्हीला जोडायचं. त्यावर चेंडूचा खेळ लावून दाखवला. गुरुजींना ते आवडलं. नवं होतं, स्वस्त होतं, पिशवीत मावत होतं. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मामा, बसमधी न्यायला बी सोपं हाय."

सुजाता पुढं सरकली. चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. मग दुकानदाराला म्हणाली, "बंद करके चालू करो."

चालू केलं तर सगळं पुसलेलं. दुकानदार म्हणाला, "टेप रेकॉर्डर लगाना पडता बेटा. कॅसेट में रखना."

"आणि कॅसेट अडकली तर?" तिनं मला विचारलं. मी दुकानदाराला विचारलं. तो पंख्याकडं बघायला लागला.

मागच्या कोपऱ्यात एक जुनं मोठं मशीन होतं. कुठल्याशा कचेरीतून आलेलं, पिवळं पडलेलं, फ्लॉपीच्या दोन फटी असलेलं. सुजातानं लिहिलं, फ्लॉपीत साठवलं, बंद करून चालू केलं. सगळं जागच्या जागी. पण गुरुजींचा चेहरा उतरला. बटनांवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती.

"सुजे, अक्षरंच गेलीत की."

"बाबा, मला कुठं बघायचंय?"

*

रेल्वेत गुरुजी स्क्रीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "टीव्ही का?"

"कॉम्प्युटर."

"बातम्या लागतात?"

"नाही."

"गाणी?"

"नाही."

म्हाताऱ्यानं थोडं सरकून जागा करून दिली. "असू द्या," म्हणाला, "आमच्या घरी बी एक असाच जावई हाय."

*

घरी मशीन एकदाच नीट चाललं. सुजाता फ्लॉप्या घरीच ठेवून परभणीला आली आणि पुढच्या शनिवारी गेली तर ते सुरूच होईना. काळी स्क्रीन, वर काहीतरी इंग्रजी. आबा दारातच होते. "लग्नाचं पैसं लोखंडात घातलं," म्हणाले. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी तिनं फ्लॉप्या क्लासात आणल्या. सरांनी लावून बघितल्या. "यात तर काहीच राहिलं नाही. ठेवल्या कुठं होत्या?"

सोबत गुरुजी आले होते. "उंचावर, साहेब. उंदीर न्हाई, धूळ न्हाई. जयंतीचा लाउडस्पीकर आमच्याच घरी असतो, त्याच्या खोक्यावर."

सर हसायला लागले. लाउडस्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, मशीन ज्या फ्लॉपीवरून सुरू होतं तीच त्यानं पुसली, मशीन ठणठणीत आहे, असं त्यांनी समजावलं आणि नव्या फ्लॉप्या करून दिल्या. गुरुजी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"साहेब, म्हणजे घरात बोललेलं चालतं ना? बिघडंल म्हणून आठवडाभर आमी कुजबुजतच होतो."

*

वर्षभरात सुजाता इतकी तयार झाली की सरांनी गंगाखेडला दुसरा क्लास काढला तेव्हा इथली सकाळची बॅच तिच्याकडं दिली.

एका सकाळी आबा आले. खाली जीप उभी होती. मला म्हणाले, "सुजीला न्यायला आलोय. पाव्हणे यायलेत तिला बघायला. गुरुजी नको म्हणायलाय, पण म्या शब्द दिलाय. आज हे मशीन-बिशीन बास."

मी म्हणालो, "आबा, चप्पल बाहेर काढावी लागते."

चप्पल काढून त्यांनी दार ढकललं. सुजाता फळ्यावर लिहीत होती, पाठ दाराकडं. वळलीच नाही. "उशीर झाला तरी चालेल," म्हणाली, "पण मधी बोलायचं नाही. मागं बसा."

आबा मागं बसले. मी दारातच थांबलो.

मुंदडांचा राजू उभा राहिला. "मशीन चुकीचं उत्तर द्यायलंय."

"मशीनला तू सांगितलं तसंच ते करायलंय. क्रम बघ. पहिल्यापासून लिही."

"हो मॅडम," राजू म्हणाला आणि वही उघडून लिहायला लागला.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तास संपेपर्यंत ती तिथंच होती.

पोरं उठली तेव्हा सुजातानं हात झटकले आणि वळली. "आबा? तुमी कवा आलाव?"

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग फळ्याकडं. खालून जीपवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, बाहेर आले, चपला पायात सरकवल्या आणि एकटेच जिना उतरून गेले.